चौतीस अंडी, एप्रिलचं नागपूर : प्रकल्प नोंदी

४ एप्रिल

काल संध्याकाळी अभ्यासिकेतून फोन आला. वहिनींच्या डब्यातली दोन उकडलेली अंडी एका मुलाने दुपारी दोनच्या सुमारास खाल्ली आणि साडेचारला त्याला उलट्या सुरू झाल्या. रात्री सलाइन लावलं, आज बरा आहे. सकाळी त्याने टपरीवर तर्री-पोहेही हाणले होते, त्यामुळे अंड्यावर बोट ठेवता येत नाही. पण वहिनींनी स्वतःच ठेवलं. आज पहाटे ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दुधाच्या लॅबमंधी हाये ना, मंग सांगा माह्या अंड्यात काय चुकलं."

मी डेअरीत दूध तपासतो. दूध चुकलं की फाटतं, आंबतं, वास मारतं. अंड्याचं तसं नाही. म्हणून ही वही.

रोजचा हिशेब असा: दोन ट्रे, म्हणजे ६० अंडी. ३४ सोलून अभ्यासिकेत, १६ सोलून जिमला, उरलेली १० दुपारच्या डब्यांच्या रश्श्यात. पहाटे पाचला गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवर चढतो, सहाला डबे भरतात, पावणेसातला दादा स्कूटरवर निघतो.

५ एप्रिल

काही न बदलता नुसतं बघायचं असं ठरवलं. लॅबमधला सुईचा जुना तापमापक साहेबांना विचारून घरी आणला. आधी त्याची परीक्षा घेतली: बर्फाच्या पाण्यात ०.३, उकळत्या पाण्यात ९८.८. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहे, पाणी इथे शंभरच्या जरा आधीच उकळतं. म्हणजे यंत्र खरं बोलतंय.

६ एप्रिल

दिवसभर एकाच डब्याच्या मागे फिरलो. रजा टाकली होती.

५.२० ला अंडी उकळत्या पाण्यातून बाहेर. एक फोडून बलकात सुई घातली: ८४. उत्तम. ७१ च्या वर बलक गेला की साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू शिल्लक राहत नाही, मग तो कवचाबाहेरचा असो की कोंबडीच्या पोटातूनच अंड्यात आलेला असो. उकडण्यात वहिनींची काही चूक नाही.

मग टाकीच्या नळाखाली पाच मिनिटं. टाकीचं पाणी पहाटेही ३० चं. हाताला सोसेल इतकं गार झालं की सोलायला बसायचं. ५.४५ ला सगळी सोलून स्टीलच्या डब्यात, वर ओलं फडकं, वर झाकण, आणि तो डबा जाड इन्सुलेटेड पिशवीत. "गरमागरम पोचली पाहिजेत पोरांना," हे वहिनींचं ब्रीद.

६.१५ ला मधल्या अंड्याचा बलक ४४. ९ वाजता, अभ्यासिकेत, ३९. ११ वाजता ३७. १.४० ला ३६. खोलीत कूलर चालू होता तरी हवा ३५ ची.

हे आकडे मी तीनदा वाचले. सकाळी पावणेसहा ते दुपारी दीड, आठ तास, ते अंडं एकदाही ३५ च्या खाली आलं नाही. लॅबमध्ये जंतू वाढवायचे असतील तर आम्ही इन्क्युबेटर ३७ वर लावतो. वहिनींनी प्रेमाने तोच बनवलाय, पिशवीला चेन लावून.

७ एप्रिल

रात्री दादा आणि वहिनींपुढे हिशेब मांडला. नियम काही गुपित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच सूत्रांत आहे: शिजवलेलं अन्न घरातल्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, गरम ठेवायचं तर ६० च्या वर, गार ठेवायचं तर ५ च्या खाली. अमेरिकेचं कृषी खातं त्यात भर घालतं: हवा ३२ च्या वर असेल तर दोन नाही, एकच तास.

३२! आमच्याकडे एप्रिलात घरातली हवा पहाटे पाचला ३१ असते.

दादाचा प्रश्न रास्त होता: "मग दुकानात कच्ची अंडी आठ-आठ दिवस बाहेर असतात, ती कशी चालतात?" याचं उत्तर मला आवडतं. कच्चं अंडं राखणदार घेऊन येतं. कवचावर एक बारीक थर असतो, तो छिद्रं बुजवून ठेवतो, आणि छिद्रं हजारोंनी असतात. आत पांढऱ्यात लायसोझाइम असतं, ते जंतूंची भिंत फोडतं. आणखी एक प्रथिन लोह धरून बसतं, जंतूंना मिळू देत नाही. उकडलं की थर जातो, लायसोझाइम निकामी होतं, प्रथिनं गोठतात. जुने जंतू मरतात, पण राखणदारही मरतात. नंतर जो येईल त्याला घर मोकळं. आणि सोललेल्या अंड्याला तर दारही नाही.

वहिनींचं म्हणणं वेगळं. "माहेरी असताना एसटीत आई अंडी द्यायची, तिखट-मिठाची पुडी संग. कोनाले काही झालं काय?" नाही झालं. पण ती अंडी कवचात असायची आणि पहिल्या दीड तासात संपायची. ती तिघं भावंडं असायची म्हणून.

८ एप्रिल

आज सोलताना शेजारी बसलो. चौतीस अंडी, उघडे हात, मधे एकदा पदराने कपाळ पुसलं, एकदा फोन उचलला. आणि डाव्या हाताच्या तर्जनीला कापडाची चिंधी. कांदा चिरताना परवा कापलं, म्हणाल्या. चिंधी ओली होती. पिवळट.

मी काही बोललो नाही. त्यांनीच माझ्या नजरेच्या मागे जाऊन बोटाकडे पाहिलं आणि हात हळूच पाण्यात घातला.

९ एप्रिल

बोलायला हवंच होतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निरोगी माणसाच्याही नाकात, कातडीवर असतो. पिकलेल्या जखमेत तर भरपूर. सोललेल्या, कोमट, ओलसर अंड्यावर बसला की वीस मिनिटांना दुप्पट धरा: सात तासांत एकाचे वीस लाख. ग्रॅममागे लाखाच्या वर गेले की विष पुरेसं तयार होतं. हे विष पुन्हा उकळूनही जात नाही. अंड्याला ना वास येतो, ना चिकटपणा. आणि त्रास सुरू होतो अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत, आधी उलट्या. साल्मोनेलाला बहुतेक वेळा यापेक्षा जास्त वेळ लागतो, निदान सहा तास.

अडीच तासांत उलट्या. जुळतं. पण त्या मुलाचं अंडं कोणी तपासलं नाही, त्यामुळे "जुळतं" याच्या पुढे मी लिहिणार नाही.

वहिनी ऐकून गप्प. मग म्हणाल्या, "मंग दोन दिवस अंडी बंद." आणि खरंच बंद ठेवली. दोन दिवसांचे पैसे गेले.

११ एप्रिल

बोट कोरडं होत आलंय. पूर्ण बरं होईपर्यंत सोलणं माझ्याकडे, हातमोजे घालून. मोज्यांचा मला फार भरवसा नाही. मोजा घातलेला हात मोबाइल उचलतो तेव्हा तो हातच असतो. पण जखमेवर पट्टी आणि त्यावर मोजा, हे नक्की.

मूळ उपाय सोपा वाटतोय: सोलूच नये. कवचात पाठवायचं.

१२ एप्रिल

आज रश्श्याची पाळी. मला वाटलं होतं इथेही घोळ असेल. ६.०० ला हंडीत ९६. इन्सुलेटेड भांडं आधी उकळत्या पाण्याने विसळून तापवलं, मग रस्सा ओतला. ९ ला ७१, १०.३० ला ६४, ११.३० ला ५९.

म्हणजे साडेपाच तासांनंतर रस्सा कुठे साठच्या खाली आला! याचं श्रेय तर्रीचं. बोटभर तेलाचा तवंग वर असला की वाफ निघत नाही, उष्णता निघत नाही. सावजी पद्धतीने तेल ओतणाऱ्यांना डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत, माझ्या वहीत त्यांना आज एक गुण. शिवाय सोललेली अंडी रश्श्यात पाच मिनिटं उकळतात, तर हातून जे काही लागलं असेल ते विष तयार होण्याआधीच मरतं. अट एकच: सोलल्यावर लगेच रश्श्यात. अर्धा तास परातीत पडून राहायची ती बंद.

डबे साडेदहाच्या आत पोचतात. रश्श्याला हात लावायचा नाही. वरची चिरलेली सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र आता जेवताना घालायची पुडी म्हणून वेगळी.

१३ एप्रिल

शेजारच्या काकूंनी सुचवलं, काटा-चमच्याने टोचे मारून व्हिनेगरमध्ये ठेवा, आठवडाभर टिकतील. टोचे आम्हीही मारतो, रस्सा आत जावा म्हणून. पण ते उकळत्या रश्श्यात. बाहेर ठेवायच्या अंड्याला टोचे म्हणजे वरचे जंतू बलकापर्यंत पोचवणं. १९९७ साली अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये एका गृहस्थाने अशीच टूथपिकने टोचलेली उकडलेली अंडी घरी लोणच्यासारखी बरणीत घातली आणि बरणी बाहेर ठेवली. आंबटपणा बलकाच्या गाभ्यापर्यंत पोचला नाही, तिथे हवाही नव्हती. बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा लकवा, झाला. काकूंना एवढं सगळं नाही सांगितलं. "फ्रिजमध्ये जागा नाही" म्हणालो.

१५ एप्रिल

आता मुख्य डाव. गरम ठेवणं रश्श्याला जमतं, सुट्या अंड्याला जमत नाही. मग गार.

बेत: रात्री आठला उकडायची, लगेच बर्फाच्या पाण्यात, पुसून कोरडी करून कवचासकट फ्रिजमध्ये, सकाळी थर्माकोलच्या डब्यात.

बर्फ किती? ६० अंडी म्हणजे ३.३ किलोच्या आसपास. ८४ वरून ८-१० वर आणायला साधारण अडीच किलो बर्फ वितळतो, आणि तीसच्या पाण्याला गार करायला वेगळा. चार किलो धरला.

इथे एक अडचण आली जी कागदावर सुचली नव्हती. अंडं गार होताना आतला भाग आकसतो आणि छिद्रांतून बाहेरचं पाणी आत ओढतो. म्हणजे बर्फाचं पाणी अंड्याच्या पोटात जाणार. आणि चौकातला लादीचा बर्फ? महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर रंगवण्याचा नियम आहे, म्हणजे लोकांना ओळखता यावा. गाडीवर लादी पाहिली: पांढरी स्वच्छ. विचारलं, "खायचा आहे का?" तो म्हणाला, "खा ना, कोण नाही म्हणतं?" आणि लादी पोत्यावरून ओढत रस्त्याने नेली.

बर्फ घरीच. पिण्याच्या पाण्याचा, स्टीलच्या डब्यांत, रोज दोन किलो जमतो.

१६ एप्रिल

दोन किलोत भागवायची युक्ती वहिनींची. आधी नळाच्या पाण्यात दोनदा पाणी बदलून बलक ४५ पर्यंत उतरवायचा, मग बर्फात. निम्मं काम फुकटात. मी लॅबमध्ये बसून गणित केलं, त्यांनी ओट्यावर उभ्या राहून माझा निम्मा बर्फ वाचवला.

८.१२ ला बाहेर, ८.२५ ला ४५, बर्फात वीस मिनिटांनी ११, ८.५५ ला ८. पाऊण तासात काम फत्ते.

१७ एप्रिल

फ्रिजने दगा दिला. खालच्या कप्प्यात सकाळी सुई ९.५ दाखवत होती. कणीक, दही, कैऱ्या, आंब्याचा रस, सगळं ठासून भरलेलं, हवा फिरायला जागा नाही. खटका वाढवला, कैऱ्या बाहेर काढल्या. संध्याकाळी ४.२. दारातल्या अंड्यांच्या खणात मात्र ८. फ्रिज बनवणाऱ्यांनी अंड्यांना नेमकी सगळ्यात उबदार जागा का दिली हे कोडंच आहे. आमची आता मागच्या भिंतीपाशी.

१९ एप्रिल

पहिला डबा थर्माकोलचा, आइस्क्रीमवाल्याकडून मागून आणलेला. तीन बाटल्या गोठवलेल्या, मधे अंडी. ६.४५ ला ४.८, ९ ला ७, ११ ला ११, १.३० ला १६.

अमेरिकन हॉटेलांच्या नियमावलीत एक सवलत आहे: ५ च्या खाली सुरुवात केलेलं गार अन्न २१ च्या वर न जाता सहा तासांपर्यंत चालतं, नंतर फेकायचं. त्या हिशेबाने दुपारी पाऊणपर्यंत चाललं असतं. पण मुलं डबा उघडा टाकतात, अंडं बाहेर काढून पुस्तकाशेजारी ठेवतात. म्हणून आम्ही ११ ठरवले. पुतणीने झाकणावर मार्करने लिहिलं: "अकरानंतर खाऊ नये." खाली अंड्याला घड्याळ लावलेलं चित्र.

२० एप्रिल

तक्रारींचा दिवस. एक, अंडी थंडगार. दोन, सोलावी लागतात. तीन, सोलताना अर्धं पांढरं कवचासोबत जातं. तिसरी खरी होती: नवीन ट्रे अगदी ताजा होता. ताज्या अंड्याचं पांढरं आतल्या पापुद्र्याला चिकटून राहतं. चार-पाच दिवसांत त्याचा सामू वाढतो आणि मग सुटतं. दुकानदाराला सांगितलं, उकडायला आठवडाभर जुना ट्रे दे. तो हसला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी शिळी अंडी मागितली असतील.

चार: "बलकाभोवती हिरवं आहे, म्हणजे खराब ना?" नाही. जास्त वेळ उकडलं की बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक मिळून आयर्न सल्फाइड होतं. दिसायला वाईट, खायला निर्धोक. गंमत अशी की हिरवं अंडं मुलं फेकून द्यायची आणि दुपारी दोनचं पांढरंशुभ्र खायची.

उकडणं बारावरून दहा मिनिटांवर आणलं. बलक ७८. हिरवं गेलं.

२४ एप्रिल

रात्री दीडला लाइट गेली, चारला आली. मी जागाच होतो, उकाड्याने. वहिनी फ्रिज उघडून बघायला निघाल्या होत्या, दारातच अडवलं. दार बंद राहिलं तर फ्रिज चार तास तग धरतो. उघडून बघितलं की बघणंच महागात पडतं. सकाळी मागच्या भिंतीपाशी ६.८. अडीच तासांचा प्रश्न होता, डबा पाठवला.

२८ एप्रिल

जिमचं गाडं अडलंय. ट्रेनर म्हणतो आमच्या पोरांना फक्त पांढरं हवं, सोललेलं, अर्धं कापलेलं. चार दिवस घासाघीस. शेवटी कवचातली अंडी त्यांच्याच छोट्या फ्रिजमध्ये ठेवायची, ज्याला हवं त्याने सोलून घ्यायचं. सोळातले पाच जण कमी झाले. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या. त्याइचा पिवळा बलक तसाबी कचऱ्यात जात होता, माह्या जिवाला लागत होतं."

२ मे

अभ्यासिकेच्या मालकांचा फोन. पोटात गोळा आला. पण तक्रार बेसिनची: कवचांनी तुंबलं. आता डब्यासोबत जुन्या वर्तमानपत्राचे चौतीस तुकडे जातात, कवच त्यात गुंडाळून टोपलीत. संध्याकाळी दादा ते आणतो, वहिनी कढीपत्त्याच्या कुंडीत चुरून घालतात.

परत येणारी अंडी रोज दोन-तीन. ती फेकायची. यावरून घरात अजून कुरबुर आहे. "अन्न हाये ते." हो, आहे. म्हणून संख्या कमी केली: चौतीसऐवजी आदल्या रात्री मेसेजवर मागणी. आता एखाददुसरंच परत येतं.

५ मे

महिन्याभराचा खर्च लिहून ठेवतो. थर्माकोल डबा फुकट. बाटल्या फुकट. हातमोजे १८० रुपये. विजेचं बिल आलं की कळेल. बुडालेले दोन दिवस आणि पाच गिऱ्हाइकं. मिळालं काय ते वहीत मांडता येत नाही. न झालेल्या उलट्या मोजणार कशा?

तापमापक साहेबांना परत केला. वहिनींनी स्वतःच्या पैशाने एक घेतला, तीनशेचा. तो बर्फात ०.८ दाखवतो. त्यांनी त्यावर पट्टी चिकटवून लिहिलंय, "पाऊण वजा".

९ मे

दादा लग्नाला अमरावतीला निघाला, सकाळच्या एसटीने. वहिनींनी फ्रिजमधली चार अंडी काढली, कवचासकट, गोठवलेल्या बाटलीला टेकवून फडक्यात बांधली, तिखट-मिठाची पुडी वर. गेटपाशी त्याच्या हातात देत म्हणाल्या, "कोंढाळीच्या आत खाऊन घ्या. तळेगावले पोचल्यावर उरलं दिसलं, तर खिडकीतून फेका, पण खाऊ नका."

दादा माझ्याकडे बघत होता. मी घड्याळाकडे. कोंढाळी सव्वा तास.